गणपतीमागचे कॅथेड्रल

दामूभाऊ,

तुमच्या फोटोची फ्रेम मी केली. हे तुम्हाला सांगणारे दुसरे कोणी असते तर बरे झाले असते. ती कशी झाली हे ऐकताना तुम्ही मधेमधे टोकले असते, आणि तुमच्या टोकण्याला तोंडावर उत्तर देणे मला कधी जमले नाही. लिहिताना कोणी टोकत नाही. एवढ्या एका सोयीसाठी मी उतारवयात लिहू लागले, असे म्हटले तरी चालेल.

बोईसरच्या बाजारातल्या तुमच्या अरुंद दुकानातून किती माणसे काचेमागे बसून आपापल्या घरच्या भिंतींवर गेली, याची मोजदाद तुम्हीही ठेवली नव्हती. तुमची वेळ आली तेव्हा घरच्यांना प्रश्न पडला, की हे काम आता द्यायचे कोणाकडे. नितेशने कारखान्यातून सुटल्यावर फोन केला. "मॅडम, पप्पांचा फोटो दहाव्याला लागेल. तुमीच बसवाल काय?" मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आले, की आजवर माझ्या हातची एकही फ्रेम तुमची नजर फिरल्याशिवाय दुकानाबाहेर गेलेली नाही.

आपली ओळख गणपतीने करून दिली. मी तेव्हा नुकतीच प्रयोगशाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले होते. माझे सासरे साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी तुमच्याच दुकानातून गणपतीची एक मोठी तसबीर घेतली होती. भिंतीला ओल धरून खिळा सैल झाला आणि तसबीर खाली आली. गणपतीला काही झाले नाही, काच मात्र फुटली. तसबीर घेऊन मी दुकानाच्या पायरीशी उभी राहिले, तर तुम्ही वर न बघता म्हणालात, "आत या. बाहेर उभ्या राहिलात तर लोक म्हनतील, दामू गिऱ्हाइकाला उन्हात वाळवतो."

मग तुम्ही तसबीर फळीवर घेतली, काचेचे तुकडे वेचून काढले, आणि ती उलटी करण्याआधी चित्रातल्या गणपतीला हलक्या आवाजात म्हणालात, "देवा, जरा पालथा हो हां." मला हसू आले. मी ते दाबले. तुम्ही पाठीचा पुठ्ठा उचकटला आणि त्या पुठ्ठ्याखालून एक कॅथेड्रल निघाले.

जाड, किंचित पिवळसर कागद होता. त्यावर काळ्या रेघांनी उतरवलेला एका गॉथिक कॅथेड्रलचा अंतर्भाग होता. दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेले खांब, माथ्यावर एकमेकींना टेकणाऱ्या टोकदार कमानी, उंच खिडक्या, आणि अगदी तळाशी, नखाएवढी माणसे. कोणे एके काळी कोणीतरी तांब्याच्या पत्र्यावर ही एकेक रेघ कोरली होती, रेघांत शाई भरली होती, आणि ओल्या कागदावर तो पत्रा दाबून हे चित्र उठवले होते. हे मला नंतर वाचून कळले. त्या क्षणी मी फक्त एवढेच विचारू शकले, की हे काय आहे.

"पाठीचा कागद," तुम्ही म्हणालात. "चांगला जाड हाय. असा आता मिळत नाय."

तारापूरकडे एका जुन्या बंगल्याचे सामान निघाले होते. वारस परदेशी होते आणि त्यांना जागा मोकळी हवी होती. तुम्ही तिथून सागवानी चौकटी उचलल्या. प्रत्येक चौकटीत असे एकेक 'इलायती देऊळ' होते. चौकटींत तुम्ही लक्ष्मी बसवली, गणपती बसवले, दत्त बसवले. आणि कागद वाया कसा घालवायचा, म्हणून ती कॅथेड्रले देवांच्या पाठीशी लावून दिलीत. बोईसर, चिंचणी, उमरोळी, कुठकुठल्या घरांत रोज सकाळी देवापुढे उदबत्ती फिरत होती आणि तिचा धूर देवामागच्या त्या कमानींना लागत होता, हे ना घरच्यांना माहीत होते, ना तुम्हाला त्यात काही विशेष वाटत होते.

मी तुम्हाला त्या चित्राबद्दल बरेच सांगितले असावे, कारण तुम्ही काम थांबवून ऐकत राहिलात. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षे प्रयोगशाळेत मी अहवालाबाहेर चार वाक्ये बोलले नसेन. दुसऱ्या दिवशी गणपती न्यायला आले, तर त्याच्या पाठीला नवा पुठ्ठा होता आणि ते चित्र तुम्ही वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये वेगळे ठेवले होते. "तुमचं हाय," तुम्ही म्हणालात. "त्याच्याशी बोलाय इकडं येत जा. घरी न्याल तर बोलाल कोनाशी?"

अशी मी तुमच्या दुकानात येऊ लागले. दुपारी गिऱ्हाईक नसे. तुम्ही मला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड, कापायला शिकवलेत: पट्टी दाबून धरायची, पाते तिरके ठेवायचे, आणि कोपऱ्याशी आल्यावर श्वास सोडायचा नाही. साठीच्या उंबरठ्यावर नवी विद्या शिकणाऱ्याला जो संकोच असतो तो मला दुप्पट होता. माझे कोपरे जास्तच कापले जात, आणि तुम्ही ते पुठ्ठे उचलून प्रकाशाकडे धरत म्हणत, "मॅडम, इथनं मुंगी जाईल. बरं, जाऊ दे, मुंगीला पन घर पायजेल."

तुम्ही चिंचणीच्या मच्छीमार घरातले. दोन्ही भाऊ होडीवर, तुमच्या पत्नी हिरावहिनी सुकी मासळी घेऊन बाजारात, आणि तुम्ही एकटे बोईसरमध्ये काचा कापत बसलेले. कॅथेड्रलच्या त्या कमानी पाहून तुम्हाला होडीच्या आतल्या फासळ्या आठवतील अशी माझी समजूत होती. मी तसे सुचवूनही पाहिले. तुम्ही दोन्ही हात वर केलेत. "होडीचं नाव नका काढू. नुसतं ऐकून पोटात ढवळते." समुद्राने लहानपणीच तुम्हाला नाकारले होते, आणि तुम्ही ते हसण्यावारी नेले होते.

तुमचे लक्ष होते ते तळाच्या माणसांवर. खांबाशी टोपली घेऊन टेकलेली एक बाई आहे. कोरणाऱ्याने ती बहुधा खांबांची उंची कळावी म्हणून काढली असेल. तुम्ही ठामपणे सांगितलेत, की तिच्या टोपलीत म्हावरे आहे. मी म्हणाले, प्रार्थनेच्या जागी मासळीची टोपली कोणी आणणार नाही. तुम्ही म्हणालात, "बाजार उठल्यावर मंग ती टोपली ठेवील कुठं? हिरा तिची टोपली घेऊनच देवळात जाते. बाहेर ठेवली तर मांजर खाते." या युक्तिवादाला कोणत्याही ग्रंथात उत्तर नव्हते. तेव्हापासून ती 'टोपलीवाली' झाली. दुकान बंद करताना तुम्ही तिचाही निरोप घेत असा.

आणि तरीही ते चित्र तुम्ही फ्रेम केले नाहीत. किंवा मी करू दिले नाही. आपले खरे भांडण ते.

तुमच्याकडे त्या बंगल्यातली शेवटची सागवानी चौकट उरली होती. चित्राचा रेखाटलेला भाग तिच्यात बरोबर बसत होता. भोवतालचा कोरा कागद तेवढा कापायचा. तुम्ही पट्टी लावलीही होती, आणि मी तुमचा हात धरला. तुम्हीही चकित झालात आणि मीही. परपुरुषाचा हात मी उभ्या आयुष्यात असा धरला नव्हता. मी सांगितले, की हा कोरा कागद चित्राचाच भाग आहे. यात पत्र्याच्या काठाचा दाब उमटला आहे, बोट फिरवले तर लागतो. खाली डाव्या कोपऱ्यात चित्र काढणाऱ्याचे नाव आहे, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे. दुकानाच्या भिंतीवर तुम्ही कॅथेड्रलच्या मनोऱ्याचे जे दुसरे चित्र लावले आहे, त्याच्या कडा तुम्ही कापल्यात आणि त्याबरोबर त्या दोघांची नावे गेली. आता ते कोणी कोरले हे कधीच कळणार नाही.

"नावाला काय करायचं? चित्र तर हाय ना."

"तुमच्या दुकानाचा शिक्का प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर मारता, तो कशाला?"

तुम्ही कोपऱ्यातल्या शिक्क्याकडे एकदा पाहिलेत. मग म्हणालात, "शिक्क्याचं सोडा. पन ह्यो कागद कोरा हाय. कोऱ्याला काय बघायचं?"

तेव्हा मी माझा सगळा अभ्यास पणाला लावला. खिडकीतून येऊन फरशीवर पडलेला उजेड तुम्हाला दाखवला. म्हणाले, या जागी कोरणाऱ्याने काहीच कोरलेले नाही. काळोख त्याने रेघांनी केला; उजेड म्हणजे त्याने न शिवलेला कोरा कागद. आणि तोच कागद पुढे कडेला जातो. मला वाटले, मी जिंकले. तुम्ही चित्रावर वाकलात, बराच वेळ पाहिलेत, आणि मान वर करून विचारलेत, "मंग कडंचा कापला तर आतला उजेड कमी होते काय?"

 तुम्ही पट्टी बाजूला ठेवलीत, चौकट भिंतीला टेकवलीत, चित्र परत दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून माळ्यावर सरकवलेत. "सुचलं की सांगा. तोवर कापत नाय." त्यानंतर पुष्कळ दुपारी गेल्या. मला उत्तर सुचले नाही, आणि तुम्ही शब्द मोडला नाहीत.

उमरोळीची गोष्ट त्यानंतरची. माझ्या आग्रहाने आपण बाकीची चित्रे शोधायला निघालो. कोणाला कोणती फ्रेम दिली हे तुम्हाला आठवत नव्हते. पण उमरोळीच्या एका आजींनी सागवानी चौकटीतली मोठी लक्ष्मी नेली होती, ती तुमच्या लक्षात राहिली होती, कारण चौकट जड म्हणून तुम्ही स्वतः ती पोहोचवली होती. रिक्षात मी सगळी वाक्ये मनात जुळवत होते. त्या घरी गेल्यावर एकही आठवले नाही. तुम्हीच सांगितलेत, की देवीच्या मागे एक जुना कागद राहिला आहे आणि मॅडमना तो बघायचा आहे. लक्ष्मी खाली उतरली, तुम्ही तिची परवानगी मागितलीत, पुठ्ठा निघाला; आणि खरोखर, मागे कॅथेड्रलची पश्चिमेकडची सगळी दर्शनी बाजू होती, तीन दारे आणि वर चक्राकार खिडकी, सगळ्या कडांसकट.

आजी वाकून बघत राहिल्या. मी कसेबसे म्हणाले, की हे फार जुने आणि मोलाचे आहे. आमच्याकडे दिले तर नीट जपू आणि बदली दुसरा चांगला पुठ्ठा लावून देऊ.

"देवीच्या मागचा हाय," आजी म्हणाल्या. "इतकी वर्सं तिच्या पाठीला टेकू दिला त्यानं. आता पुडचं चांगलं म्हनून मागचा काढून देऊ?"

मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही आधीच खिळे शोधत होता. परतताना तुम्ही इतके खूश होता, की स्टेशनवर उतरल्यावर मला चहा पाजलात. मी हिरमुसले होते. प्रयोगशाळेतल्या माणसाप्रमाणे मी तुम्हाला बजावत होते, की तसल्या पुठ्ठ्यात आम्ल असते, ते हळूहळू कागद तपकिरी करून खाते, आणि काळोखात पडलेले चित्र हे कोणाच्याच उपयोगाचे नसते. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "मॅडम, सगळीच मानसं पुडं नाय बसत. मागं बसून पन बसतातच ना?" तुम्ही ते माझ्यासाठी बोललात की स्वतःसाठी, हे विचारायचे राहून गेले.

आता फोटोचे सांगते.

मी चिंचणीला गेले तेव्हा नितेशने स्टुडिओतून तुमचा फोटो करून आणला होता. मागे निळे आकाश, आणि तुमच्या अंगात काळा कोट. हिरावहिनींनी तो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला, आणि विचारले, "ह्यो कोन?"

नितेश म्हणाला, "आई, सगळे असाच करतात. चांगला दिसतो."

"चांगला दिसतो, पन ह्यो कोन?"

मूळ फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. दुकानात काढलेला. तुम्ही हाफ शर्टमध्ये, कापलेला माउंट हातात उंच धरून, बहुधा मुंगीची वाट मला दाखवताना हसलेले. मागच्या भिंतीवर ते कडा कापलेले मनोऱ्याचे चित्र. आणि फोटोत ते असे आले होते, की मनोऱ्याचा सुळका नेमका तुमच्या टाळूतून वर निघाला होता. "बघा ना मॅडम," नितेश म्हणाला, "दहाव्याला लोक जमणार. पप्पांच्या डोक्यातून सुळका निघालाय. हसतील."  तो चुकीचे बोलत नव्हता. बापाकडे बघून कोणी हसू नये, एवढेच त्याला हवे होते.

घरात तुमचे भाऊ होते, भावजया होत्या. वहिनींनी सगळ्यांदेखत माझ्याकडे पाहिले. "तुमी सांगा, मॅडम. तुमी बघितले त्यांना दुपारचे. आमी काय, सकाळचे आनि रातचे."

दामूभाऊ, मी त्या क्षणी दाराकडे पाहिले. माझे मत विचारले की मी दाराकडेच बघते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण बाहेर अंगणात तुमची सायकल उभी होती आणि दुकानाची किल्ली तिच्या हँडलला तशीच लटकत होती, आणि मला वाटले, आता मी बोलले नाही तर तुम्ही कायमचे कोट घालून बसाल.

मी म्हणाले, की कोट नको. शर्टच राहू दे, हसूही राहू दे. सुळका काढायला सांगा, मागे साधा पांढरा रंग ठेवा. नितेशचे म्हणणे बरोबर आहे. पण ते देऊळ फोटोतून काढायचे असेल तर मी ते फ्रेममध्ये मागे ठेवीन. दिसणार नाही. त्यांनी आयुष्यभर सगळ्यांच्या देवांमागे ठेवले, तसे. माझे चित्र आहे, टोपलीवालीचे. मी देते.

इतके लांब मी कोणासमोर बोलले नव्हते. नितेशने आईकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "टोपलीवाली? ती म्हावऱ्याची?" म्हणजे तुम्ही घरी जाऊन सांगितले होते. "तिला ठेवा. ती बरी."

दुकान उघडून मी माळ्यावरून चित्र काढले, आणि आपले जुने भांडण तिथे माझी वाट पाहत होते. सागवानी चौकटीत फोटो आरामात बसत होता. चित्र बसत नव्हते. कडा कापल्या तर बसले असते. तुमची पट्टी, तुमचे पाते, सगळे हाताशी होते, आणि तुम्ही नव्हता. शब्द तुम्ही दिला होता, मी नव्हता दिला. मी पाते खाली ठेवले आणि मोठी नवी लाकडी पट्टी कापून अखंड चित्राच्या मापाची चौकट जोडली. तिचे दोन कोपरे बरे आले आहेत. उरलेल्या दोन्हींतून मुंगी जाईल.

चौकट मोठी झाली आणि फोटो तेवढाच राहिला. म्हणून भोवती पांढऱ्या माउंटची रुंद कड सोडावी लागली, एका बाजूला पंजा मावेल एवढी. नितेश बघायला आला होता. तो म्हणाला, "मॅडम, एवढं मोकळं कशाला? फोटोच मोठा करून आणू का?"

वहिनी त्याच्या मागे दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. सगळे दुकान त्या एकदा डोळ्यांनी फिरल्या: काचांची चळत, पट्ट्यांचा भारा, तुमचे स्टूल, आणि त्या स्टुलासमोरची ती वीतभर जागा.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हितं त्यांना कवा पाय लांब कराय जागा नव्हती."

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही सुचलेले नाही. कड कापली तर आतला उजेड कमी होतो की नाही, मला सांगता येत नाही. पण त्या पांढऱ्या कागदात तुम्ही स्वतःला बसलेले पाहिलेत तर तुम्ही पट्टी लावणार नाही, एवढे मी आता म्हणू शकते.

शेवटचे काम राहिले होते. काच पुसली, माउंट ठेवला, फोटो मागून चिकटवला. मध्ये आम्ल नसलेला कागद घातला. माझी तेवढी हौस चालवून घ्या. त्यामागे चित्र, तोंड तुमच्याकडे करून, म्हणजे टोपलीवालीला तुमची पाठ तरी दिसेल. उरले होते ते पुठ्ठा लावून खिळे ठोकणे, आणि त्यासाठी तुम्हाला उलटे करणे.

गेलेल्या माणसाची फ्रेम तुम्ही कधी मुकाट्याने उलटी केली नाहीत. खाली दुमडलेला टॉवेल घालत होता, आणि फोटोतल्या माणसाला त्याच्या नात्याने हाक मारत होता: मामा, जरा पालथे व्हा, आजी, जरा पालथी हो गं. कोणाचे मामा, कोणाची आजी. गिऱ्हाइकाला तुम्ही आधी विचारून घेत असा. मी एकदा कारण विचारले, तर म्हणालात, "न इचारता कोनाला तोंडावर पाडायचं काय?"

मी टॉवेल घातला. फ्रेम दोन्ही हातांत धरली आणि थांबले. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी कशानेच हाक मारली नव्हती. 'अहो, जरा' म्हणत असे, किंवा तुम्ही वर बघेपर्यंत उभी राहत असे. या लेखात 'दामूभाऊ' असे सहज लिहीत आले, ते त्या दुपारनंतरचे आहे. वहिनी आणि नितेश पायरीवर होते आणि ते ऐकणार होते. तरी मी म्हणाले, मोठ्याने नाही, पण म्हणाले:

"दामूभाऊ, जरा पालथे व्हा."

आणि तुम्हाला हलकेच टॉवेलवर ठेवून घाव हलका पडावा म्हणून मी हातोडी, तुम्ही शिकवली होती तशी, तिच्या लोखंडी डोक्याजवळ धरली.